विश्लेषण : पंडिता रमाबाईंना केडगाव का गाठावे लागले? शारदा सदन ते मुक्ती सदन या प्रवासात काय बदलले?

पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुल्याला दक्षिणेकडे वळले की सुप्यामार्गे मोरगाव येते. अष्टविनायक यात्रेतले हे पहिले स्थान, त्यामुळे या फाट्यावर भाविकांच्या गाड्यांची वर्दळ कायमची. त्याच चौफुल्यावरून उत्तरेकडे वळले तर थोड्याच अंतरावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची जवळपास पंचवीस वर्षे या केडगावात गेली. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव येते ते शारदा सदन आणि धर्मांतर या दोन गोष्टींसाठी. केडगावचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. प्रत्यक्षात त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी वाचला गेलेला भाग तिथेच घडला.

रमाबाई कुठल्या घरात वाढल्या?

जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवतात, हे त्यांनी पाहिले होते. पेशव्यांच्या वाड्यात जे चालते ते आपल्या घरी का चालू नये, असा प्रश्न त्यांना पडला. पहिल्या पत्नीला शिकवण्याचा बेत घरच्या विरोधामुळे फसला. तिच्या मृत्यूनंतर चाळिशी उलटलेल्या अनंतशास्त्रींचे लग्न नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी झाले. बालविवाहाच्या या नवऱ्याने बायकोला संस्कृत शिकवले, आणि त्याबद्दल धर्मपंडितांपुढे आपली बाजूही मांडली.

रमाबाईंच्या शिक्षिका म्हणजे या लक्ष्मीबाई. पहाटे, घरकामाला लागण्याआधी त्या मुलीला पाठ देत. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना पाठ झाले ते आईच्या तोंडून ऐकून. थोरल्या मुलीचे लहानपणी केलेले लग्न सुखाचे ठरले नाही, म्हणून धाकटीचे लग्न लवकर करायचे नाही, असे वडिलांनी ठरवले. त्या काळात हा निर्णय घेणाऱ्याला जातीत राहणे अवघड होते.

कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर हिंडले. पुढे दुष्काळ आला. पुराण ऐकायला लोक येईनात, दक्षिणा मिळेना, आणि शास्त्र्याच्या घरात अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते. १८७४ च्या सुमारास आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हजारो मैल पायी चालत दोघे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. विद्या असून हाताला काम येत नाही म्हणून माणसे उपाशी मरतात, हे रमाबाईंनी घरातच पाहिले होते. केडगावातल्या पुढच्या अनेक निर्णयांचे मूळ या अनुभवात सापडते.

‘पंडिता’ ही पदवी कुठली?

कलकत्त्याच्या पंडितांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बाईने संस्कृतात बोलावे आणि शास्त्राचे अर्थ सांगावेत, याचे बंगालला मोठे कौतुक वाटले. मात्र त्याच शास्त्रांत स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी काय लिहिले आहे, हे वाचताना रमाबाईंचा त्यांच्यावरचा विश्वास ढळत गेला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते. जात, प्रांत आणि भाषा या तिन्ही रेषा या एका लग्नाने ओलांडल्या. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. सासर दुरावलेले, माहेर उरलेले नाही आणि पदरात दहा महिन्यांची मुलगी, अशी त्यांची अवस्था होती.

पुण्याने त्यांचे स्वागत कसे केले?

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या तेव्हा सुधारकांच्या घरांनी दारे उघडली. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे आणि काशीबाई कानिटकर या पुढे स्वतः लेखिका म्हणून नावारूपाला आलेल्या स्त्रिया त्या बैठकांना येत. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक निघाले आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा राहिला. हे पुस्तक आज वाचणाऱ्याला थोडे कोड्यात टाकते. त्यात बायकांनी शिकावे, स्वावलंबी व्हावे हे आहेच, पण गृहिणीने कसे वागावे याचा बऱ्यापैकी पारंपरिक उपदेशही आहे. पाच वर्षांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या रमाबाई इथे अजून दिसत नाहीत.

हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्येच त्यांनी साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, या त्यांच्या मागण्या होत्या. पुरुष डॉक्टरपुढे जायचे नाही म्हणून बायका विनाउपचार मरतात, हे सरकारी आयोगापुढे एका विधवेने सांगणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

धर्मांतराने काय तुटले?

१८८३ मध्ये रमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने तो बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात संताप उसळला. महात्मा जोतीराव फुले मात्र वेगळे बोलले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. शास्त्रे वाचलेली बाई शास्त्रे सोडून जाते, तेव्हा दोष बाईत शोधायचा की शास्त्रांत, हा त्यांचा रोख होता. त्याच अंकमालेत त्यांनी ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकाचीही पाठराखण केली, हा योगायोग नाही.

चर्चलाही रमाबाई सोप्या गेल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, यावर बिशपांनी आक्षेप घेतला. ते रमाबाईंना पटले नाही. गळ्यातल्या क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये असावीत हा आग्रह त्यांनी नाकारला आणि संस्कृत शब्द मागितले. त्या शाकाहारी राहिल्या आणि पोशाखात साडीच राहिली. ज्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवायची त्यांचा फक्त धर्म बदलला आहे, असे वाटले की त्या स्पष्ट बोलत. त्यांचा इंग्लंडमधला पत्रव्यवहार अशा वादांनी भरलेला आहे.

अमेरिकेत लिहिलेले पुस्तक कोणाविषयी होते?

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना वैद्यकीय पदवी मिळाली. दूरच्या नात्यातल्या या बहिणीच्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि अमेरिकेत जवळपास तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांची त्याला प्रस्तावना आहे आणि ते रमाबाईंच्या आईच्या स्मृतीला अर्पण केलेले आहे. तोवर आनंदीबाईंचा क्षयाने मृत्यू झाला होता.

पुस्तकाच्या नावातच त्याची मर्यादा आहे. बालविवाह, वैधव्य, केशवपन, माहेर-सासर यांच्यात चेंगरलेली मुलगी हे सगळे त्यात धारदारपणे येते. पण ही मुलगी उच्चवर्णीय आहे. शेतात राबणारी, दुसऱ्याच्या दारात भाकरी मागणारी किंवा गावकुसाबाहेर राहणारी बाई या पुस्तकाच्या केंद्रात नाही. यात रमाबाईंनी काही लपवले नाही, त्या ज्या घरांविषयी लिहीत होत्या ती घरे त्यांना आतून माहीत होती. तरीही १८८७ मधली ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते, कारण दहा वर्षांनी त्यांनी ती स्वतःच ओलांडली.

बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी एक मंडळ उभे राहिले. संस्थेत धर्मप्रसार होणार नाही या अटीवर मंडळाने दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले. परतल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत एक मोठे पुस्तक लिहिले. गुलामगिरी, मूळ रहिवाशांवरचा अन्याय, स्त्रियांच्या संघटना, शाळा आणि थंडीदेखील त्यात आहे. मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत हे पुस्तक क्वचितच निघते. ते लिहिणारी व्यक्ती पुरुष असती आणि हिंदूच राहिली असती, तर ते इतके मागे पडले असते का, ही शंका रास्त आहे.

शारदा सदनात कोणाला प्रवेश होता?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. विधवांना राहण्याची आणि शिकण्याची सोय, असा त्याचा हेतू. पहिल्या काही विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती. ११ मार्च १८९३ रोजी तिचे लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई कर्वे, सर्वांची बाया झाली. आनंदीबाई जोशींची पदवी, शारदा सदनाची सुरुवात आणि हा पुनर्विवाह, तिन्हींची तारीख ११ मार्च. हिंगण्याच्या संस्थेचा इतिहास सांगताना तिच्या संस्थापकाची पत्नी कुठे शिकली, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

सदनात येणाऱ्या मुली प्रामुख्याने ब्राह्मण घरांतल्या होत्या. त्यांच्या पालकांनी धजावून मुली पाठवाव्यात म्हणून स्वयंपाकपाण्याचे सोवळे तिथे पाळले जाई. स्वतः ख्रिस्ती झालेली, जातीबाहेर लग्न केलेली संचालिका आणि आत जातीचे नियम, असा हा विचित्र संसार होता. त्यामागे व्यवहार होता. केस कापलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या मुलीला आधी घराबाहेर काढायचे, बाकीचे नंतर बघू.

त्याच काळात, १८९० पासून, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. तिच्यातल्या विधवा यमूसाठी पांढरपेशी पुण्यनगरी हळहळली. केशवपनाचे ते वर्णन मराठी वाचक विसरला नाही. याच शहरात अशा जिवंत यमूंना ठेवून घेणारे घर होते आणि हळहळणाऱ्यांतले अनेकजण त्या घराकडे संशयाने पाहत होते. कथेतल्या विधवेने सोसत सोसत मरून जायचे असते, तिने हिशेब, भूगोल शिकून शिक्षिका व्हायचे ठरवले की प्रश्न सुरू होतात.

१८९३ मध्ये प्रश्न स्फोटक झाले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो, अशी ओरड झाली. ‘केसरी’ने आघाडी उघडली होतीच. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण कोणावर सक्ती केली नाही, पण आपली प्रार्थना दार लावून करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. मदतीची अट आणि ही भूमिका यांतला ताण खरा होता. सुधारकांना वाटलेला विश्वासघात सगळाच खोटा म्हणता येत नाही. पण काढून नेलेल्या मुलींचे शिक्षण तिथेच थांबण्याचा धोका होता, हे त्या वादात मागे पडले.

केडगावच का?

याचे उत्तर आधी पैशात आहे. अमेरिकेतली मदत दहा वर्षांची होती आणि १८९८ च्या सुमारास मुदत संपणार होती. संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावायची आणि त्यावर सदन चालवायचे, असा बेत. पुणे-दौंड लोहमार्गावरचे स्थानक जवळ होते आणि जमीन परवडणारी होती. परवडणारी होती कारण हा पर्जन्यछायेचा भाग. निरा डाव्या कालव्याचे पाणी पुढे बारामती-इंदापूरच्या काही भागाला मिळाले, पण सुपे, मोरगाव ते चौफुला हा पट्टा पावसाकडे डोळे लावून बसणारा. केडगावला विहिरी खोदाव्या लागल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन परतल्या. मुली पळवणाऱ्या दलालांच्या तावडीतूनही काही सोडवाव्या लागल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात इतक्या जणींना ठेवणे अशक्य, म्हणून मोर्चा वळला केडगावच्या शेताकडे. आधी झोपड्या झाल्या, १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. त्याच प्लेगात सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वर्तमानपत्रातून उघड टीका केली. गोऱ्या मिशनऱ्यांची मदत घेणारी ही बाई गोऱ्या सरकारलाही सोडत नव्हती.

१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्यातून आणखी मुली आल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या काळच्या अनेक गावांची एवढी वस्ती नव्हती.

मुक्तीत काय वेगळे होते?

या मुलींना कोणी अर्ज करून पाठवले नव्हते. शेतकरी, मजूर, कारागीर, अस्पृश्य मानलेल्या जाती, सगळीकडून त्या आल्या होत्या. भाषा वेगवेगळ्या, अंगावर हाडे आणि खरूज. सोवळ्याचा स्वयंपाक इथे शक्यच नव्हता. सगळ्यांसाठी एकच चूल पेटली. शारदा सदनात रमाबाईंनी जातीशी केलेली तडजोड केडगावात संपली, आणि ती कोणत्या व्याख्यानाने नव्हे तर दुष्काळाने संपवली.

शिक्षणाचा अर्थही बदलला. अक्षरओळख सगळ्यांना, पण त्याबरोबर हाताला काम. शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, धुलाई, शुश्रूषा, लहान मुलींना शिकवणे, यांतले काही ना काही प्रत्येकीकडे असे. घाण्यासारखी पुरुषांची मानलेली कामे इथे बायका करीत. फसवल्या गेलेल्या किंवा समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन निघाले. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती. तिने केडगावच्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले.

सगळे गोड नव्हते. मुक्तीतली शिस्त कडक होती आणि दिवस प्रार्थनेभोवती फिरत असे. १९०५ मध्ये तिथे धार्मिक उत्साहाची मोठी लाट आली आणि तिची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत झाली. अनाथ आणि उपाशी मुलीला भाकरीबरोबर धर्म देणे कितपत योग्य, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही गैरलागू नाही. मुली मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. त्यांना परत घेणारे घर बहुतेकींच्या मागे उरले नव्हते, हीही त्याच चित्राची बाजू आहे.

पुण्याच्या साहित्यिक आणि सामाजिक जगाला मात्र रमाबाई १८९३ नंतर संपल्यासारख्याच होत्या. पुढे देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० मध्ये त्यांचे मराठी चरित्र लिहिले आणि मीरा कोसंबी यांनी त्यांच्या लेखनाचा नव्याने अभ्यास करून ते इंग्रजी वाचकांपुढे ठेवले, तेव्हा चित्र थोडे पालटले. १९८९ मध्ये टपाल तिकीट निघाले. ब्रिटिश सरकारने १९१९ मध्येच कैसर-ए-हिंद पदक दिले होते.

छापखान्यात कोण काम करीत होते?

केडगावातले शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित मराठी बायबलची भाषा रमाबाईंना जड आणि संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातून आलेल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला ते कळत नाही, हे त्या रोज पाहत होत्या. म्हणून पन्नाशीकडे झुकत असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मराठीतून हिब्रूचे व्याकरणही लिहिले. ज्या विद्येने त्यांना पंडिता केले, त्या संस्कृतचे शब्द त्यांनी आपल्या भाषांतरातून एकेक करून वगळले आणि बोलीतले साधे शब्द घातले. त्याचा वाचनीयतेला फायदा झाला की तोटा यावर अभ्यासकांत दुमत आहे, काही ठिकाणी वाक्ये अवघडलेली वाटतात हे खरे. पण कोणासाठी लिहायचे याचा निर्णय त्यात स्वच्छ दिसतो. १८८७ मध्ये उच्चवर्णीय स्त्रीविषयी परदेशी वाचकांसाठी इंग्रजीत लिहिणारी लेखिका आता दुष्काळातून आलेल्या बायकांसाठी मराठी सोपी करत बसली होती.

छपाई केडगावलाच झाली. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालवणे, पाने दुमडून बांधणे ही कामे मुक्तीतल्या मुली आणि बाया करीत. त्यांतल्या अनेकजणी आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. मराठीत बाईने लिहावे की नाही यावर शहरात वाद झडत होते, तेव्हा या जिरायती माळावर बायका छापखाना चालवीत होत्या.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच आईआधी गेल्याने रमाबाई खचल्या, तरी मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या बायकांनी उरलेली छपाई पुरी केली आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.